काळ्या मातीतले छोटे तळे : परसातील फिल्टर आणि नळजोडणी

नागपुरात घरामागच्या परसात छोटे तळे करायचे ठरले, की बहुतेक जण आधी खड्डा खणतात, अस्तर घालतात, पाणी भरतात आणि पाणी हिरवे झाल्यावर फिल्टरचा विचार सुरू करतात. हा क्रम उलटा हवा. पाणी कुठून उचलायचे, कुठे गाळायचे, कोणत्या वाटेने परत आणायचे आणि पावसाळ्यात जास्तीचे पाणी कुठे सोडायचे, या चार गोष्टी कागदावर ठरल्याशिवाय कुदळ हातात घेऊ नये. आपल्याकडे तळ्याचा कस दोनदा लागतो, एकदा मे महिन्याच्या अखेरीस नवतप्यात, म्हणजे कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आणि दुसऱ्यांदा पावसाळ्यात, आणि दोन्ही वेळा तळे तरते किंवा बिघडते ते त्याच्या नळजोडणीमुळे.

पुढचे सर्व आकडे ८ फूट लांब, ६ फूट रुंद आणि अडीच फूट खोल अशा तळ्यासाठी आहेत. याचे घनफळ १२० घनफूट होते, आणि एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर पाणी मावत असल्यामुळे ते सुमारे ३,४०० लिटर भरते. काठाशी झाडांच्या कुंड्या ठेवण्यासाठी पायऱ्या सोडल्या, तर प्रत्यक्षात ३,००० लिटर पाणी धरावे. तुमचे तळे लहान-मोठे असेल तर याच प्रमाणात हिशेब बदलावा.

माती आणि अस्तर

शहराच्या बऱ्याच भागांत परसात काळी माती असते. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा हलत्या जमिनीत पुरलेला नळ दरवर्षी थोडा थोडा ओढला जातो, आणि जिथे तो अस्तरातून आरपार जातो तिथला सांधा कधीतरी सुटतो. परदेशी पुस्तकांत तळाला भोक पाडून ११० मिलिमीटरचा निचऱ्याचा नळ काढण्याचा सल्ला हमखास असतो, आणि घट्ट जमिनीत तो योग्यही आहे, कारण त्यामुळे तळाचा गाळ न कुस्करता थेट फिल्टरकडे जातो. माझ्या पहिल्या तळ्यात मी तसाच नळ घातला होता. दुसऱ्या उन्हाळ्यात तळाशी सांधा सरकला, रोज तीन-चार इंच पाणी कमी होऊ लागले आणि शेवटी अस्तर उचलून सगळे उकरावे लागले. तेव्हापासून मी एकच नियम पाळतो : काळ्या मातीत अस्तराला एकही भोक पाडायचे नाही, प्रत्येक नळ काठावरूनच आत-बाहेर न्यायचा. गाळ काढायला थोडे जास्त कष्ट पडतात, पण प्रत्येक सांधा डोळ्यांसमोर राहतो.

खड्डा ठरलेल्या मापापेक्षा सहा ते आठ इंच जास्त खोल खणावा, तळाला मुरूम टाकून पाणी मारत चांगला ठोकून घ्यावा आणि त्यावर दोन इंच बारीक चाळलेली रेती पसरावी. फुगणारी माती आणि अस्तर यांच्यामध्ये मुरुमाचा थर आला की जमिनीची हालचाल अस्तरापर्यंत कमी पोहोचते. शेततळ्यांसाठी मिळणारा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद घरच्या तळ्याला पुरेसा असतो. त्याचे माप काढताना लांबी अधिक दुप्पट खोली अधिक २ फूट असा हिशेब धरावा. आपल्या तळ्याला १५ फूट बाय १३ फूट कागद लागेल. त्याखाली जुनी सतरंजी किंवा गोणपाट अंथरल्यास खड्यांची टोके टोचत नाहीत.

खणण्याचा उत्तम काळ दिवाळीनंतरचा. मे महिन्यात ही माती दगडासारखी होते आणि पावसाळ्यात फावड्याला चिकटून बसते. शिवाय दिवाळीनंतर काम काढले तर कडक ऊन सुरू होण्याआधी फिल्टर मुरायला पुरेसा वेळ मिळतो, आणि हा वेळ किती महत्त्वाचा आहे ते पुढे येईलच. जागा निवडताना कडुलिंबाच्या अगदी खाली तळे घेऊ नये. उन्हाळ्याच्या तोंडावर त्याची पाने झडतात, पाठोपाठ फुलोरा गळतो आणि हे सगळे पंपाच्या जाळीवर येऊन बसते. सावली मात्र हवीच. ती दुपारनंतर पश्चिमेकडच्या भिंतीची किंवा शेडनेटची असावी.

पंप आणि उंचीचा हिशेब

मासे ठेवायचे असतील तर तळ्यातले सगळे पाणी दीड ते दोन तासांत एकदा फिल्टरमधून जावे. ३,००० लिटरच्या तळ्याला दर तासाला सुमारे २,००० लिटर प्रवाह पुरतो. इथेच खरेदीत चूक होते. पंपाच्या खोक्यावर ताशी लिटरचा जो आकडा मोठ्या अक्षरात छापलेला असतो, तो पाणी अजिबात वर चढवायचे नसताना मिळणारा प्रवाह असतो. शेजारीच लहान अक्षरात पंपाची कमाल उंची दिलेली असते, आणि त्या उंचीवर प्रवाह शून्य होतो. या दोन टोकांच्या मध्ये तुमचे तळे कुठे बसते ते पाहावे.

उंची मोजायची ती तळ्यातल्या पाण्याच्या पृष्ठभागापासून नळाच्या सर्वांत वरच्या बिंदूपर्यंत. पंप पाण्याखाली किती खोल आहे याने फरक पडत नाही. समजा ड्रमाचे तोंड पाण्याच्या पातळीपासून चार फूट, म्हणजे सुमारे १.२ मीटर वर आहे. नळातल्या घर्षणासाठी आणखी ०.३ मीटर धरले, तर पंपाला दीड मीटर उंचीवर ताशी २,००० लिटर पाणी द्यायचे आहे. त्यासाठी खोक्यावर ताशी ३,५०० लिटर आणि कमाल ३ मीटर लिहिलेला पंप साधारण योग्य ठरतो. दुकानदाराकडे त्या पंपाचा उंची-प्रवाह आलेख मिळाला तर तो पाहूनच निर्णय घ्यावा.

कूलरचा पंप घरात पडलेला असतोच, आणि तो वापरून पाहण्याचा मोह नागपूरकराला होणे स्वाभाविक आहे. पण तो पॅडवर पाणी शिंपडण्यापुरता बनवलेला असतो. त्याची उचल कमी असते आणि बारा महिने चोवीस तास चालण्याची त्याची बांधणी नसते. आत तेल भरलेली पाणबुडी मोटरही घेऊ नये, कारण तिचे सील गेले की तेल थेट माशांच्या पाण्यात उतरते. कारंजी आणि मत्स्यालयांसाठी मिळणारे चुंबकीय रोटरचे, तेलविरहित पंपच वापरावेत. ४० वॉटचा पंप दिवसरात्र चालला तर महिन्याला सुमारे २९ युनिट वीज जाते. रात्री पंप बंद ठेवून ही वीज वाचवू नये, कारण झाडे आणि शेवाळ रात्री प्राणवायू सोडत नाहीत, उलट वापरतात, आणि पहाटे पाण्यात तो सर्वांत कमी असतो.

पंप अगदी तळाला न ठेवता दोन विटांवर ठेवावा. बाहेर एखादा नळ निसटला आणि घरात कोणी नसले, तरी तळ्यात माशांपुरते पाणी उरते. पंपाभोवती मोठ्या भोकांची प्लास्टिकची टोपली उपडी ठेवली की पाने अडतात आणि पिल्ले आत ओढली जात नाहीत.

चढता नळ

चढत्या नळासाठी पंपाच्या तोंडाएवढीच नळी लावणे हा सोपा पण महागात पडणारा मार्ग आहे. त्याच प्रवाहासाठी एक इंचाऐवजी दीड इंच आतला व्यास घेतला, तर घर्षण सुमारे सातपट कमी होते. आपल्या तळ्याला ४० मिलिमीटरचा यूपीव्हीसी नळ पुरेसा आहे. काटकोनी एल्बो शक्यतो टाळून ४५ अंशांचे दोन बेंड वापरावेत. पंपाच्या तोंडाला हातभर लवचीक काळी नळी जोडून मग कडक नळ सुरू करावा, म्हणजे पंपाची थरथर सांध्यांवर येत नाही. पारदर्शक नळी घेऊ नये. उन्हात तिच्या आतून शेवाळ धरते.

पंप बंद झाल्यावर पाणी उलटे येऊ नये म्हणून बरेच जण एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने सोडणारा व्हॉल्व्ह) बसवतात. मला तो या कामात आवडत नाही, कारण कचरा अडकून तो अर्धवट उघडा राहतो आणि एरवीही प्रवाह कमी करतो. त्याऐवजी चढत्या नळाचे टोक ड्रमातल्या पाण्याच्या वर सोडावे. टोक पाण्यात बुडालेलेच नसले तर ड्रमातले पाणी ओढले जात नाही. पंपाजवळ, पाण्याबाहेर, एक युनियन (हाताने उघडता येणारा सांधा) आणि एक बॉल व्हॉल्व्ह मात्र अवश्य बसवावा. युनियन नसेल तर पंप साफ करायला दर वेळी नळ कापावा लागतो. सॉल्व्हंट सिमेंटचे सांधे लावण्यापूर्वी दोन्ही बाजू कोरड्या आणि स्वच्छ पुसाव्यात, नळ आत सरकवताना पाव फेरा द्यावा आणि पाणी सोडण्यापूर्वी २४ तास थांबावे. आट्यांच्या सांध्यांना टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळावी. उन्हातला यूपीव्हीसी नळ दोन-तीन उन्हाळ्यांत ठिसूळ होतो, म्हणून उघड्या भागाला ऑइल पेंटचा हात द्यावा किंवा त्यावर गोणपाट गुंडाळावे.

दोन ड्रमांचा फिल्टर

तयार फिल्टर बाजारात मिळतात, पण इतवारी बाजारात मिळणारे २०० लिटरचे दोन निळे ड्रम आणि थोडे हातकाम यांतून त्यापेक्षा मोठा आणि दुरुस्तीला सोपा फिल्टर तयार होतो. ड्रम घेताना त्यात आधी काय भरलेले होते ते विचारावे. खाद्यपदार्थांचा ड्रम घ्यावा. रसायनाचा कितीही धुतला तरी नको. ड्रम जमिनीत पुरू नयेत. पुरल्याने पंपाची उचल कमी लागते हे खरे, पण पावसाळ्यात ओल्या काळ्या मातीत साफसफाईसाठी रिकामा केलेला ड्रम तरंगून वर येतो आणि सगळे सांधे तोडतो. भरलेल्या एका ड्रमाचे वजन दोनशे किलोच्या पुढे जाते, म्हणून खाली विटांचा पक्का चौथरा हवा, आणि तो दोन पातळ्यांचा असावा, म्हणजे दुसरा ड्रम पहिल्यापेक्षा दोन इंच खाली बसेल.

पहिल्या ड्रमात गाळ बसतो. चढता नळ ड्रमाच्या कडेला समांतर वळवून पाणी आत सोडावे, म्हणजे पाणी गोल फिरते आणि जड घाण मध्यभागी खाली बसते. ताशी २,००० लिटर प्रवाहात २०० लिटरच्या ड्रमात पाणी सहा मिनिटे थांबते. जड कणांना तेवढा वेळ पुरतो. पंपातून येताना कुस्करलेले बारीक कण मात्र बसत नाहीत, म्हणून या ड्रमाच्या वरच्या भागात बाटल्या धुण्याचे लांब ब्रश किंवा नायलॉनची जाळी उभी टांगावी. ड्रमाच्या बुडाशी टँक निपल (टाकीच्या भिंतीतून नळ काढण्याचा जोड) लावून ५० मिलिमीटरचा बॉल व्हॉल्व्ह बसवावा. आठवड्यातून एकदा तो दहा सेकंद उघडला की काळे पाणी बाहेर पडते, आणि ते कर्दळीला किंवा मोगऱ्याला घालावे.

पहिल्या ड्रमातून दुसऱ्यात ६३ मिलिमीटरच्या नळाने पाणी न्यावे आणि तो नळ आतून बुडापर्यंत उतरवावा, म्हणजे दुसऱ्या ड्रमात पाणी खालून वर चढेल. बुडाशी छिद्रांची प्लास्टिकची क्रेट उलटी ठेवून गाळासाठी मोकळी जागा सोडावी. तिच्यावर आधी जाड, मग बारीक फोम आणि फोमच्या वर माशांची घाण पचवणाऱ्या जिवाणूंना बसायला माध्यम असा क्रम असावा. माध्यम म्हणून बायोबॉल (फिल्टरसाठी मिळणारे प्लास्टिकचे जाळीदार गोळे) उत्तम, पण नायलॉनच्या घासण्या, यूपीव्हीसी नळाचे कापलेले तुकडे किंवा चांगल्या भाजलेल्या विटांचे तुकडेही चालतात. बांधकामाची गिट्टी स्वस्त असते, परंतु ती फार जड, तिच्यात गाळ लवकर अडतो आणि ती धुणे कंबर मोडणारे काम आहे. संगमरवराचे तुकडे घालू नयेत. ते विरघळून पाण्याचा जडपणा वाढवतात, आणि बोअरचे पाणी आपल्याकडे आधीच जड असते. कूलरचे गवत किंवा मधमाशीच्या पोळ्यासारखे कागदी पॅड वापरण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो ऐकू नये, कारण ते पाण्यात कायम बुडून राहिले की काही आठवड्यांत कुजतात आणि त्यातून फिल्टरच घाणीचे कारण होतो.

आता सर्वांत महत्त्वाची नळी, जी बहुतेक आराखड्यांत नसतेच. फोम तुंबला की पहिल्या ड्रमातले पाणी वाढते, काठावरून ओसंडते आणि पंप तासाभरात तळ्याचे बरेचसे पाणी बागेत ओतून टाकतो. हे टाळण्यासाठी पहिल्या ड्रमाच्या काठाखाली तीन इंचांवर ६३ मिलिमीटरचा आणखी एक नळ काढून तो सरळ तळ्यात सोडावा. एरवी तो कोरडा असतो. त्यातून पाणी वाहू लागले, की फोम धुण्याची वेळ झाली असे समजावे.

दुसऱ्या ड्रमातून परत येणारा नळ केवळ उताराने वाहतो, म्हणून तो चढत्या नळापेक्षा रुंद, ६३ मिलिमीटरचा असावा आणि त्याचा उतार कुठेही उलटा होऊ नये. त्याचे तोंड तळ्याच्या पाण्यापासून निदान आठ इंच वर ठेवून पाणी एखाद्या सपाट फरशीवरून पडू द्यावे. पडणाऱ्या पाण्याचा आवाज सुखद असतोच, पण त्याचे खरे काम प्राणवायू मिसळण्याचे आहे. २० अंश सेल्सियसला एका लिटर पाण्यात सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना ७.६ मिलिग्रॅमच. म्हणजे माशांना आणि जिवाणूंना जास्त प्राणवायू हवा असतो तेव्हाच पाण्यात तो कमी मावतो.

जागा असेल तर परतीच्या वाटेवर एक उथळ कुंड करून त्यात बारीक गिट्टीमध्ये कर्दळ, वेखंड किंवा लव्हाळा लावावा. ही झाडे जिवाणूंनी मागे सोडलेले नायट्रेट शोषतात आणि शेवाळाचे खाद्य कमी करतात. जलपर्णी मात्र आणू नये. अंबाझरी तलावाच्या पाण्यावर तिचा हिरवा थर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याचे कारण सांगायला नको.

हिरव्या पाण्यासाठी यूव्ही दिवा उपयोगी आहे. तो पहिल्या ड्रमानंतर, पाणी थोडे गाळले गेल्यावर बसवावा. या तळ्याला नऊ ते अकरा वॉटचा पुरतो. दिवा जळताना दिसत असला तरी त्याची शक्ती वर्षभरात उतरते, म्हणून तो वर्षातून एकदा बदलावा, आणि काचेच्या नळीवर जड पाण्याचा पांढरा थर आला की व्हिनेगरने पुसावा. पेटलेल्या दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये. तळ्याचा निम्म्याहून अधिक पृष्ठभाग कुमुदिनीच्या पानांनी झाकला गेला, तर या दिव्याची गरजच अनेकदा पडत नाही.

वीज

पाण्यात वीज चालवताना काटकसर करू नये. तळ्याच्या जोडणीला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) आणि चांगले अर्थिंग असल्याशिवाय पंप पाण्यात सोडू नये, आणि हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. सॉकेट पावसापासून झाकलेल्या पेटीत, जमिनीपासून उंच असावे. केबल सॉकेटच्या खाली थोडी लोंबती सोडून मग वर न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये शिरत नाही. पाण्यात हात घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी प्लग काढावा. केवळ बटण बंद करून भागत नाही.

उन्हाळ्यात वीज गेली की फिल्टरमधले जिवाणू काही तासांत गुदमरू लागतात. एखादा छोटा एअरपंप इन्व्हर्टरवर जोडून त्याचा हवेचे बुडबुडे सोडणारा एक खडा तळ्यात आणि एक दुसऱ्या ड्रमात ठेवावा. तो काही वॉटच घेतो आणि मे महिन्यातल्या दुपारी मासे वाचवतो. वीज फार काळ गेली असेल, तर ती आल्यावर ड्रमातले साचलेले पाणी आधी बुडाच्या बॉल व्हॉल्व्हने सोडून द्यावे आणि मगच पंप लावावा.

पाणी भरल्यानंतरचे सहा आठवडे

महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असते आणि ते माशांना जितके घातक, तितकेच फिल्टरच्या जिवाणूंनाही. पहिल्यांदा भरलेले पाणी दोन दिवस पंप चालू ठेवून फिरवावे किंवा मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे, क्लोरीन घालवणारे हायपो पाकिटावरच्या प्रमाणात टाकावे.

त्यानंतर मासे सोडण्याची घाई करू नये. माशांच्या उत्सर्गातून अमोनिया येतो. नायट्रोसोमोनास जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि नायट्रोस्पायरासारखे दुसरे जिवाणू त्याचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. ही वस्ती माध्यमावर बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपल्या हवामानात अमोनियाची भीती अधिक बाळगावी, कारण तापमान आणि सामू (पीएच, म्हणजे पाण्याचा आम्ल-अल्कलीपणा) वाढला की त्याचा विषारी अंश झपाट्याने वाढतो. सामू ७ आणि तापमान ३० अंश असताना एकूण अमोनियाचा एक टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो, तर त्याच तापमानाला सामू ८ झाला की तो सुमारे साडेसात टक्के होतो. शेवाळाने हिरव्या झालेल्या पाण्याचा सामू दुपारी सहज ८च्या पुढे जातो. म्हणून अमोनिया आणि नायट्राइट तपासण्याचा संच घ्यावा. परिचितांच्या जुन्या मत्स्यालयातला फोम आपल्या ड्रमात पिळून घेतल्यास जिवाणूंची सुरुवात लवकर होते, मात्र तिथले मासे निरोगी असावेत.

पहिले मासे म्हणून पाच-सहा गप्पी सोडावेत. ते आपल्या उन्हात टिकतात आणि डासांच्या अळ्या खातात. दोन्ही चाचण्या सलग दोन आठवडे शून्य दाखवू लागल्या, की हळूहळू गोल्डफिश वाढवावेत. कोई मासा फार मोठा होतो आणि त्याला ३,००० लिटर पुरत नाहीत. ड्रमांवर डासांची जाळी घट्ट बांधावी, नाहीतर तळ्यात नसलेल्या अळ्या ड्रमात होतात.

फोम तळ्यातूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात पिळून धुवावा, नळाखाली धुवू नये. फोम आणि माध्यम एकाच दिवशी साफ करू नयेत.

नवतपा आणि पाऊस

मे महिन्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला सेंटीमीटरभर किंवा त्याहून अधिक उतरते. आपल्या तळ्याच्या ४८ चौरस फूट पृष्ठभागातून रोज सुमारे ४५ लिटर पाणी उडते, आणि ते पाहून तळे गळते आहे असा समज होतो. खात्री करायची असेल तर पाण्याने भरलेली बादली तळ्याच्या पायरीवर ठेवून, पंप बंद करून, दोन्हींची पातळी एक दिवस मोजावी. दोन्ही सारखीच उतरली तर ते ऊन आहे; तळ्याची जास्त उतरली तर गळती शोधावी. पंप चालू असतानाच पाणी कमी होत असेल, तर दोष अस्तरात नसून बहुधा नळजोडणीत असतो.

पाणी उडाले तरी क्षार मागेच राहतात. त्यामुळे केवळ भर घालत राहणे पुरत नाही. आठवड्याला दहावा हिस्सा जुने पाणी बागेला देऊन मगच नवे भरावे. ड्रमांवर पांढरा रंग आणि ओले गोणपाट असावे, आणि नवतप्यात माशांचे खाद्य निम्म्यावर आणावे.

पावसाळ्याची तयारी मृगाच्या आधी संपवावी. १०० मिलिमीटर पाऊस पडला तर तळ्यात थेट पडणारे पाणी ४५० लिटरच्या आसपास असते आणि ते सांभाळता येते. धोका असतो तो अंगणातून वाहत येणाऱ्या गढूळ पाण्याचा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांच्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. अशा पावसात सपाट काठाचे तळे आणि अंगण एकच होतात आणि मासे गटाराकडे वाहून जातात. तळ्याचा काठ सगळीकडे जमिनीपेक्षा सहा इंच उंच घ्यावा, एका बाजूला फूटभर रुंदीत तो दोन इंच खाली ठेवावा, अस्तर न कापता त्यावरून बाहेर घेऊन गिट्टी भरलेल्या चरात सोडावे आणि त्या तोंडाला बारीक जाळी लावावी. जोराच्या पावसात ही जाळी पानांनी भरते, म्हणून पाऊस सुरू झाल्यावर पहिला अर्धा तास तिच्याकडे लक्ष ठेवावे आणि पाने हाताने काढावीत.